चार डोळ्यांची स्वस्त दुर्बीण : एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, नव्या अभ्यासक्रमाचेही होते. शास्त्रीय उपकरणाचे मात्र सहसा होत नाही. नवे उपकरण निघाले की 'जगातले सर्वात मोठे', 'सर्वात अचूक' आणि अलीकडे 'सर्वात स्वस्त' अशा विशेषणांसह त्याची बातमी छापून येते आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः प्रत्येक उपकरणामागे कोणीतरी केलेली निवड असते. काय मोजायचे आणि काय मोजायचे सोडून द्यायचे, हे आधी ठरते. मग लोखंड, काच आणि तारा येतात. या निवडीची चिकित्सा पुस्तकाच्या परीक्षणासारखीच करता येते. या लेखात तसा प्रयत्न 'फास्ट' नावाच्या दुर्बिणीबाबत केला आहे. 'फ्लुअरेसन्स डिटेक्टर ॲरे ऑफ सिंगल-पिक्सेल टेलिस्कोप्स' या लांबलचक नावाचे हे लघुरूप. नावात 'एकच पिक्सेल' असला तरी सध्याच्या रचनेत चार आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात झालेल्या पहिल्या चाचणीत मात्र तो खरोखरच एक होता.

ही दुर्बीण तारे पाहत नाही. ती हवा पाहते. हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अवकाशातून पृथ्वीवर अणुकेंद्रकांचा सतत मारा होत असतो. त्यांना आपण विश्वकिरण म्हणतो. १९१२ साली व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर जाऊन त्यांचा पुरावा मिळवला. १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी एक जोरदार इलेक्ट्रॉन पदार्थातून जाताना त्याच्यापासून कणांची पिढीमागून पिढी कशी निर्माण होते याचे गणित मांडले, आणि १९३८ मध्ये फ्रान्सच्या पिएर ओझेर यांनी जमिनीवर दूरदूर ठेवलेल्या उपकरणांत एकाच क्षणी कण पोचतात हे दाखवले. वरच्या हवेत एक कण आदळतो आणि खाली कोट्यवधी कणांचा वर्षाव होतो. या वर्षावावरून मूळ कण ओळखायचा, हा या शास्त्राचा सगळा खटाटोप.

बहुतेक विश्वकिरणांची ऊर्जा माफक असते. पण १५ ऑक्टोबर १९९१ रोजी युटामधील 'फ्लाइज आय' या वेधशाळेने एका कणाची ऊर्जा मोजली ती ३२ वर १९ शून्ये इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे ५१ जूल भरली. ताशी ९० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची गतिज ऊर्जा वर्गात काढून पाहावी. चेंडूचे वस्तुमान १६० ग्रॅम धरले तर ५० जूल येते. इतकी ऊर्जा एकाच अणुकेंद्रकात! ती त्याला कोणी, कुठे, कशी दिली, याचे खात्रीचे उत्तर आजही आपल्याजवळ नाही. १९६२ साली न्यू मेक्सिकोमध्ये जॉन लिन्स्ली यांनी १० च्या २०व्या घाताची पातळी गाठणारा पहिला कण नोंदवला, तेव्हापासून प्रश्न तोच आहे.

उत्तर न मिळण्याचे मोठे कारण म्हणजे हे कण फार विरळ आहेत. पुस्तकांतून 'एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत एक' असे वाक्य वाचायला मिळते. हे वाक्य फार उदार आहे. अर्जेंटिनातील पिएर ओझेर वेधशाळा ३००० चौरस किलोमीटर पसरलेली आहे. आपल्या गोव्याहून थोडी लहान. तिने २००४ ते २०२० या १७ वर्षांतील सर्वाधिक ऊर्जेच्या १०० कणांची यादी प्रसिद्ध केली आहे. त्यांतला सर्वात लहान कण ७८ गुणिले १० चा १८वा घात इतक्या ऊर्जेचा, सर्वात मोठा १६६ गुणिले तितकाच. वेधशाळा २००८ पर्यंत बांधली जात होती हे ध्यानात घेऊन, क्षेत्रफळाला वर्षांनी गुणून १०० ने भागले, तर एका चौरस किलोमीटरला अशा एका कणाची वाट साधारण चारशे ते पाचशे वर्षे पाहावी लागते. १० चा २०वा घात ओलांडणाऱ्या कणासाठी त्याहूनही जास्त. दीड-दोन पिढ्या काम करूनही आपल्या हाती मूठभर कण आहेत, त्याचे हे गणित. म्हणून क्षेत्रफळ वाढवणे भाग आहे. क्षेत्रफळ वाढवायचे तर दर चौरस किलोमीटरचा खर्च कमी करणे भाग आहे. 'स्वस्त' या शब्दाची गरज येथून निर्माण होते.

आता हवा पाहण्याविषयी. वर्षावातील विद्युतभारित कण हवेतल्या नायट्रोजनला उद्दीपित करतात आणि नायट्रोजन मंद अतिनील प्रकाश देतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. एका कणामागे दर मीटरला जेमतेम चार-पाच फोटॉन. पण १० च्या २०व्या घाताच्या वर्षावात ऐन भराच्या वेळी सुमारे सात हजार कोटी कण असतात. गुणाकार केला तर साधारण ५० वॅटचा अतिनील दिवा प्रकाशाच्या वेगाने आकाशातून खाली येत आहे, असे चित्र उभे राहते. तो वीस-तीस किलोमीटरवरून पाहायचा, आणि तोही काही मिलियनांश सेकंदांत.

इतका त्रास कशासाठी? कारण वर्षाव हवेत किती खोलवर जाऊन ऐन भरात येतो हे फक्त असे पाहूनच थेट कळते. लोहाच्या केंद्रकाचा वर्षाव वरच भरात येतो, प्रोटॉनचा त्यापेक्षा खोल. मूळ कण प्रोटॉन होता की लोह, हे कळल्याशिवाय त्याची दिशा कळून फारसा उपयोग नाही. कारण लोहाच्या केंद्रकावर प्रोटॉनच्या २६ पट भार असतो आणि तेवढ्याच ऊर्जेच्या प्रोटॉनपेक्षा आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र त्याला २६ पट वळवते. शिवाय ऊर्जाही प्रकाशावरून अधिक सरळपणे मोजता येते. जपानमधील 'अगासा' या सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या केवळ जमिनीवरील उपकरणसमूहाने १० च्या २०व्या घातापलीकडचे ११ कण नोंदवले होते आणि ऊर्जेला वरची मर्यादा दिसत नाही असा निष्कर्ष काढला होता. अशी मर्यादा असावी हे ग्रायझेन, झात्सेपिन आणि कुझमिन यांनी १९६६ मध्येच सांगितले होते. प्रतिदीप्तीवर चालणाऱ्या युटामधील दुर्बिणींना ती घट दिसली, आणि २००८ पर्यंत ओझेरनेही तिला दुजोरा दिला. दुर्बिणी नसत्या तर तो वाद किती वर्षे चालला असता कोण जाणे.

ओझेर वेधशाळेत अशा २७ दुर्बिणी आहेत. प्रत्येकीत साडेतीन मीटरहून रुंद आरसा आणि त्यापुढे ४४० प्रकाशगुणक नळ्यांचा कॅमेरा. प्रकाशगुणक नळी म्हणजे एकेका फोटॉनचे मोजता येण्याजोग्या विद्युत स्पंदात रूपांतर करणारी काचेची नळी. प्रत्येक नळी आकाशाचा सुमारे दीड अंशाचा तुकडा पाहते. वर्षाव खाली येताना एकेक नळी क्रमाने उजळते आणि आकाशात एक रेघ उमटते. ती रेघ म्हणजेच वर्षावाच्या मार्गाचे चित्र.

'फास्ट'च्या कर्त्यांनी नेमके हे चित्र सोडून दिले. आरसा १.६ मीटर व्यासाचा, नऊ तुकडे जोडून केलेला. कॅमेऱ्यात ४४० ऐवजी चार नळ्या, पण प्रत्येक २० सेंटिमीटर व्यासाची. दृष्टिक्षेत्र तेवढेच, ३० अंश गुणिले ३० अंश. म्हणजे एकेक नळी १५ अंशांचा तुकडा पाहते. यातून रेघ उमटणार नाही. मिळेल तो फक्त काळाचा आलेख : प्रकाश केव्हा सुरू झाला, कसा वाढला, केव्हा ओसरला.

या निवडीतली हुशारी पहिल्या नजरेत दिसत नाही. नळ्या कमी केल्या, एवढीच ती नाही. १५ अंशांच्या तुकड्यात प्रतिमा थोडी पसरट पडली तरी काही बिघडत नाही. त्यामुळे आरसा फार काटेकोर घडवावा लागत नाही. कडेच्या किरणांची चूक सुधारणारे भिंग लागत नाही. चार नळ्यांना चारच वाहिन्यांचे इलेक्ट्रॉनिक्स पुरते. वजन कमी म्हणून इमारतही लहान. एका ठिकाणी दिलेली सूट पुढच्या प्रत्येक ठिकाणी सूट देत जाते. मला या रचनेतला हा भाग फार आवडला. काटकसर करताना आपण सहसा तीच वस्तू हलक्या मालाची बनवतो. येथे वस्तूच वेगळी आहे.

२०१६ ते २०१८ या काळात युटामधील 'टेलिस्कोप ॲरे' या वेधशाळेच्या आवारात अशा तीन दुर्बिणी उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये एक अर्जेंटिनात ओझेरच्या आवारात बसवली गेली. त्यांनी सुमारे २१ किलोमीटरवरून आकाशात सोडलेला लेझरचा झोत पाहिला, विश्वकिरणांचे वर्षावही पाहिले. उपकरण चालते, याबद्दल शंका नाही. माझे आक्षेप यापुढचे आहेत.

पहिला आक्षेप असा की यातला बराच स्वस्तपणा उसना आहे. युटातील 'फास्ट'ला 'आता नोंद कर' हा इशारा शेजारच्या मोठ्या दुर्बिणीकडून मिळत असे. वर्षावाची दिशा आणि जमिनीवरची जागा हीसुद्धा शेजाऱ्याच्या नोंदींवरून घेतली जात असे. चित्र सोडल्यावर मार्ग कळणार कसा? काळाचा एकच आलेख जवळून गेलेल्या आणि दूरून गेलेल्या दोन वेगळ्या वर्षावांनाही जवळपास सारखा बसू शकतो. शेजारी श्रीमंत असेपर्यंत हे निभावते. त्याच्या ४४० किंवा २५६ नळ्यांचा खर्च आपल्या हिशेबात धरला नाही, तर आपली दुर्बीण स्वस्तच दिसणार.

याला कर्त्यांचे उत्तर आहे, आणि ते प्रामाणिक आहे. २० किलोमीटर अंतरावर त्रिकोणात केंद्रे उभारायची. प्रत्येक केंद्रात १२ दुर्बिणी, म्हणजे क्षितिजाचे ३६० अंश पूर्ण. एकच वर्षाव तीन बाजूंनी दिसला की तीन आलेखांना एकाच वेळी लागू पडणारा मार्ग बहुधा एकच उरतो. तो शोधण्यासाठी संगणकात काल्पनिक वर्षाव पाडत जायचे, त्याचे आलेख खऱ्या आलेखांशी ताडून पाहायचे, आणि जुळेपर्यंत मार्ग, ऊर्जा व खोली बदलत राहायची. पहिला अंदाज कृत्रिम न्यूरल जालाकडून घ्यायचा. पद्धत चांगली आहे. पण तिच्यात चित्राची जागा गणिती प्रतिमानाने घेतलेली असते. पूर्वी रेघ डोळ्यांना दिसे आणि प्रतिमान नंतर येई. येथे प्रतिमानाशिवाय दिशाही हाती येत नाही. वर्षाव हवेत कसा वाढतो याबद्दलच्या आपल्या समजुतीत जर काही उणे असेल, तर ते दिशेत आणि खोलीत शिरेल, आणि ते शिरले आहे हे दाखवणारी स्वतंत्र रेघ आपल्याजवळ नसेल. मला वाटते, या रचनेची सर्वात नाजूक जागा ही आहे. आणि स्वस्तपणाच्या बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

दुसरा आक्षेप तितका गंभीर नाही. रात्रीचे आकाश पूर्ण काळे नसते. दीड अंशाऐवजी १५ अंशांचा तुकडा पाहिला की रुंदी दसपट, क्षेत्र शंभरपट. म्हणजे आकाशाचा पार्श्वप्रकाश तितक्याच आरशावर शंभरपट, आणि त्यातली यादृच्छिक चढउतार त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे दसपट. (वर्गमुळाचा हा नियम बारावीच्या मुलांना भाताच्या दाण्यांवरूनही दाखवता येतो.) परिणामी मंद वर्षाव या गोंगाटात हरवतात. पण येथे शोध फक्त सर्वाधिक ऊर्जेच्या, म्हणजे सर्वात तेजस्वी वर्षावांचाच आहे. जे हरवते ते टिपण्यासाठी ही दुर्बीण बांधलेलीच नाही.

तिसरा मुद्दा चंद्राचा. प्रतिदीप्तीच्या दुर्बिणी फक्त निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्रीच चालतात. वर्षातला १० ते १५ टक्के वेळ. दुर्बीण कितीही स्वस्त केली तरी अमावास्या वाढवता येत नाही. हे प्रकर्षाने जाणवले ते २७ मे २०२१ रोजी. त्या पहाटे युटामध्ये २४४ गुणिले १० चा १८वा घात इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टचा कण आला. १९९१ नंतरचा सर्वात जोरदार. जपानी सूर्यदेवतेवरून त्याला 'अमातेरासू' हे नाव मिळाले. तो ज्या दिशेने आला तिकडे आपल्या शेजारच्या विश्वात दीर्घिकाच जवळजवळ नाहीत, एक पोकळी आहे. अशा वेळी तो प्रोटॉन होता की लोह, हे कळणे किती मोलाचे ठरले असते! पण आदल्या दिवशी पौर्णिमा होती. आपल्याकडे ती बुद्धपौर्णिमा. चांदण्यामुळे दुर्बिणी बंद होत्या. जमिनीवरच्या उपकरणांनी कण पकडला आणि त्याची जात मात्र अज्ञात राहिली. 'फास्ट'ची शंभर केंद्रे त्या रात्री तेथे असती तरी तीही बंदच असती.

हाच हिशेब योजनेच्या मोठ्या आकड्याला लावून पाहू. ५०० केंद्रे आणि दीड लाख चौरस किलोमीटर, अशी कल्पना मांडली गेली आहे. महाराष्ट्राच्या साधारण निम्मे क्षेत्र. ओझेरच्या तुलनेत ते ५० पट दिसते. पण ओझेरच्या पाण्याच्या टाक्या रात्रंदिवस चालतात. दुर्बिणी दहा-पंधरा टक्केच. गुणाकार केला की १५,००० ते २२,५०० चौरस किलोमीटर सतत पाहिल्यासारखे होते, म्हणजे पाच ते साडेसात पट. ही वाढ लहान नाही, आणि तिच्यातल्या प्रत्येक कणाची जातही कळण्याची शक्यता आहे, जी टाक्यांकडून इतकी थेट कळत नाही. तरीही पन्नास आणि सात यांत फरक आहे, आणि शाळेत सांगताना सात सांगावे.

खर्चाबाबत आणखी एक. ५०० केंद्रे म्हणजे ६,००० दुर्बिणी आणि २४,००० नळ्या. ओझेरच्या २७ दुर्बिणींतल्या नळ्या बारा हजारांच्या आत आहेत. दर चौरस किलोमीटरला 'फास्ट' फारच काटकसरी, पण एकूण नळ्या दुप्पट. आणि प्रत्येकीची संवेदनशीलता वेळोवेळी तपासावी लागणार. हवेचेही तसेच. प्रकाश वीस किलोमीटर हवेतून येतो. वाटेत धूळ किंवा पातळ ढग किती होता हे माहीत नसेल तर ऊर्जा चुकते. ओझेरमध्ये त्यासाठी लेझर आणि ढगमापक आहेत. दीड लाख चौरस किलोमीटरवर एका टोकाला निरभ्र असताना दुसऱ्या टोकाला धूळ उडत असेल. प्रत्येक केंद्राला वीज हवी, दार उघडणारी-मिटणारी यंत्रणा हवी, संदेशवहन हवे, आणि बिघडले की जाणारा माणूस हवा. दुर्बीण जितकी स्वस्त होत जाईल तितका एकूण खर्चातला तिचा वाटा कमी होईल आणि ही बाकीची यादी ठळक होत जाईल. योजनेचे अंदाजपत्रक पाहताना दुर्बिणीच्या किमतीपेक्षा या यादीकडे आधी पाहावे.

स्वस्तपणाच्या आणखी दोन वाटा येथे नोंदवतो. 'क्राफ्ट' नावाच्या एका जपानी प्रयत्नाने आरसाच काढून टाकला आणि त्याजागी बाजारात मिळणारे फ्रेनेलचे भिंग बसवले, मागे एकच मोठी नळी. शाळेत ओव्हरहेड प्रोजेक्टर असेल तर त्याच्या काचेखाली वर्तुळाकार खाचांचा जो सपाट तक्ता दिसतो, तेच हे भिंग. २०१७ मध्ये युटात त्याचीही चाचणी झाली आणि त्याने वर्षाव पाहिले. रचना 'फास्ट'हून साधी; वरचे सगळे आक्षेप तिलाही लागू, काही अधिकच. दुसरी वाट आपल्या देशातली आहे, जरी तिचा विषय यापेक्षा पुष्कळ कमी ऊर्जेचे कण हा आहे. उटी येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'ग्रेप्स-३' प्रयोगात ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक उभा आहे, त्यात सहा मीटर लांबीच्या लोखंडी चौकोनी नळ्यांचे ३,७१२ गणक आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग बंद झाल्यावर तिथले गणक येथे पुन्हा कामाला लावले गेले. वर्षाव टिपणारे प्लास्टिकचे प्रस्फुरकही संस्थेने स्वतःच बनवले. येथे मोजमापातले काहीही सोडून दिलेले नाही. बचत झाली ती जुने वापरल्यामुळे आणि हाताने बनवल्यामुळे. या स्वस्ताईची मर्यादा वेगळी : खाण एकच होती, तिच्यातले गणक एकदाच मिळाले. दीड लाख चौरस किलोमीटर त्यांनी झाकता येणार नाहीत. 'फास्ट'ची रचना मात्र हवी तितक्या वेळा जशीच्या तशी उभी करता येते, आणि तिच्या बाजूने हा मुद्दा मला सर्वात वजनदार वाटतो.

म्हणून या उपकरणाची खरी परीक्षा कोणती, हे सांगता येते. केंद्रे तीन असावीत, एकमेकांपासून वीस-वीस किलोमीटरवर. शेजाऱ्याचा इशारा नको, शेजाऱ्याकडून दिशा नको. नोंदलेले वर्षाव शेजारच्या मोठ्या वेधशाळेने स्वतंत्रपणे मोजलेले असावेत, पण दोन्हींची उत्तरे शेवटपर्यंत एकमेकांपासून झाकून ठेवावीत. मग ताडून पाहावीत. प्रोटॉन आणि लोह यांच्या वर्षावांच्या सरासरी खोलीत साधारण १०० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतके अंतर असते. दोन्ही उत्तरांतला फरक या शंभरापुढे किती भरतो, तो आकडा मी सर्वात आधी पाहीन; किंमत त्यानंतर.